पावसात सायकलचं तेच दुखणं पुन्हा पुन्हा का उद्भवतं?

पाऊस लागला की सायकल चालवणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ब्रेक दाबला तरी सायकल थांबत नाही, थांबली तर किंचाळते. चेन करकरते. एकाच आठवड्यात दोनदा पंक्चर. वळणावर चाक सरकतं. अंगात रेनकोट असूनही माणूस ओलाच घरी पोचतो. मग ब्रेकची तार आवळून घ्यायची, चेनवर तेल ओतायचं, ट्यूबला ठिगळ लावायचं. चार दिवस बरे जातात आणि पुढच्या सरीला पुन्हा तीच रड.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार असतो. तार ठीक असते आणि खडे ब्रेकच्या रबरात रुतलेले असतात. चेनला तेल भरपूर असतं, पण त्या तेलात चिखल कालवलेला असतो. ठिगळ उत्तम बसलेलं असतं आणि काच अजून टायरमध्येच असते. खोलात गेलं तर निम्म्याहून जास्त तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते: रस्त्यावरची बारीक कच. कोरड्या दिवसांत ती खाली पडून असते. पाऊस आला की पाण्याबरोबर उडते, रिमला चिकटते, सांध्यांत शिरते. पाणी तासाभरात वाळून जातं आणि कच तिथेच बसून पुढच्या प्रत्येक फेऱ्याला धातू घासत राहते. म्हणून खालच्या प्रत्येक तक्रारीत आधी कच शोधा, पाना नंतर उचला.

ब्रेक दाबला की क्षणभर काहीच होत नाही

हा उशीर कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखायला हवं. रिकाम्या सपाट जागी सावकाश सायकल चालवा आणि ब्रेक हलका दाबून धरा. सुरुवातीला काहीच नाही, पण चाकाचे काही फेरे झाल्यावर पकड येत असेल, तर रिमवर पाण्याचा पातळ थर आहे एवढाच त्याचा अर्थ. रबर आधी ते पाणी पुसतं आणि मग घासायला लागतं. रिमवर पकडणाऱ्या सगळ्याच ब्रेकांचा हा स्वभाव आहे, तार आवळून तो बदलत नाही. इलाज चालवणाऱ्याच्या बोटांत आहे. थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी ब्रेक नुसता टेकवा, रिम पुसून घ्या, मग जोर वाढवा. धो धो कोसळत असेल तर उतार सुरू होण्याआधीच असं टेकवून ठेवायची सवय लावा, कारण उतारावर वेग आल्यानंतर ते काही फेरे फार लांब वाटतात.

जुन्या धाटणीच्या सायकलींना क्रोमचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या रिम असतात. कोरड्यात त्या ठीक चालतात, ओल्यात मात्र ब्रेक आहे की नाही अशी शंका यावी इतपत पकड जाते. तिथे कितीही महागडं रबर लावा, फरक मर्यादितच. ॲल्युमिनियमच्या रिमचं चाक बसवणं हा खरा उपाय. आणि रोजच्या वापरासाठी नवीच सायकल घ्यायची असेल, शहर पावसाळी असेल, तर माझं मत सरळ आहे: डिस्क ब्रेकची घ्या. डिस्क चाकाच्या मधोमध असते, रस्त्यावरच्या घाणीपासून लांब. खड्ड्यात आपटून रिम थोडी वाकडी झाली तरी ब्रेकला त्याचं सोयरसुतक नसतं.

आता उशिराची दुसरी जात. चाक कितीही फिरलं तरी पकड येतच नाही. रबराचे ब्रेक असतील तर ते काढून उजेडात धरा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर ते संपलं, बदला. खाचा शाबूत असतील तर पृष्ठभाग निरखून पाहा. चमकणारे बारीक ठिपके दिसतील. ते ॲल्युमिनियमचे कण असतात, तुमच्याच रिममधून खरवडून निघालेले. खड्यांनी रिम खरवडली, ते कण रबरात रुतले आणि आता तेच पुन्हा रिम खरवडताहेत. सुईने किंवा टोकदार पिनेने एकेक उकरून काढा, नंतर पॉलिश पेपरवर रबर चारदा घासून वरचा गुळगुळीत थर काढून टाका आणि रिम ओल्या फडक्याने पुसा. दहा मिनिटांचं काम आहे आणि ब्रेकमध्ये इतका फरक पडतो की तार आवळायची गरजच उरत नाही. पावसाच्या दिवसांत हे अधूनमधून करत राहावं लागतं.

रबर हाताशी असताना रिमकडेही बघून घ्या. रिमच्या बाजूवर झिजेची खूण म्हणून कोरलेली बारीक खाच किंवा छोटा खळगा अनेक रिमवर असतो. तो दिसेनासा झाला, किंवा सरळ पट्टी आडवी टेकवल्यावर मधे खोलगट पोकळी दिसली, तर रिम पातळ झाली आहे. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आतल्या हवेच्या दाबाने पातळ झालेली कड चालत्या सायकलवर फुटू शकते.

ब्रेकची मूठ सोडल्यावर ती झटकन मागे येते का, हेही तपासा. सुस्तावल्यासारखी येत असेल तर तारेच्या नळीत पाणी जाऊन आतली तार गंजली आहे. तेल सोडून आठवडाभर भागेल, पण तार आणि नळी दोन्ही बदलून टाकणं बरं. बदलताना स्टेनलेस स्टीलची तार मागून घ्या.

डिस्क ब्रेकवाल्यांनी पॅडची जाडी बघायची. धातूच्या पट्टीवरचा घासणारा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला की पॅड बदलायचे. पावसात ते विलक्षण वेगाने झिजतात. रेझिनचे मऊ पॅड शांत असतात पण ओल्या, कचकचीत रस्त्यावर लवकर संपतात; धातूमिश्रित कडक पॅड जास्त टिकतात आणि जरा आवाज करतात. मी पावसात आवाज पत्करतो. तारेवर चालणाऱ्या डिस्कमध्ये पॅड झिजले की ते हाताने आत सरकवावे लागतात. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्कमध्ये ही सोय आपोआप होते, पण तिथे मूठ स्पंजासारखी दबत असेल तर नळीत हवा शिरलेली असते आणि ती काढणं जाणकाराचं काम.

ब्रेक किंचाळतो

ओल्यात दोन-तीनदा ओरडून गप्प होणारा डिस्क ब्रेक निर्दोष असतो, त्याला हात लावू नका. सतत ओरडणारा आणि त्याचबरोबर पकड कमी झालेला असेल तर डिस्कवर तेल गेलं आहे. ते येतं कुठून? चेनवर फवाऱ्याने तेल मारताना उडालेलं, किंवा तेलकट बोटांनी डिस्क धरल्यामुळे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते क्वचितच पूर्ववत होतात, नवे टाकावेत. नवे पॅड बसवल्यावर लगेच गर्दीत जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत हळू व्हायचं, असं वीसेक वेळा करा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात.

रबराच्या ब्रेकचा आवाज बहुधा कोनाचा असतो. रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे आणि मागच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटर फट उरली पाहिजे. मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरून ब्रेक दाबून ठेवायचा, नट आवळायचा, पुठ्ठा काढायचा.

चेन करकरते, तेल घालूनही

तेल चेनच्या आत हवं असतं, बाहेर नाही. चेनच्या प्रत्येक कडीत एक छोटा रूळ पिनेभोवती फिरतो, घर्षण तिथे होतं. बाहेरून चोपडलेल्या तेलाचा उपयोग फक्त कच धरून ठेवायला होतो, आणि तेल व कच यांचं मिश्रण म्हणजे धातू घासायची पेस्टच. काळी, चिकट, करकरणारी चेन ही तेल कमी पडल्याची नव्हे, तर घाणीवर तेल चढत गेल्याची खूण आहे.

क्रम असा ठेवा. फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवत पुसा. फार माखली असेल तर डिग्रीझर (तेलकट घाण काढणारा द्रव) किंवा भांडी घासायचं पातळ साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. हे वाळवणं लोक टाळतात. ओल्या चेनवर तेल घातलं तर पाणी आत कोंडतं आणि रूळ आतून गंजतात. वाळल्यावर प्रत्येक रुळावर एकेक थेंब, पेडल मागे फिरवत. पाच मिनिटं थांबा म्हणजे तेल आत उतरेल. मग बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. शेवटची पायरी वगळली तर आधीची मेहनत पाण्यात.

सायकलचं तेल दोन प्रकारचं मिळतं, कोरड्या हवेसाठी पातळ आणि ओल्या हवेसाठी दाट. पातळ तेल एका जोरदार सरीत धुऊन निघतं. पावसात दाट वापरा, फक्त ते कच जास्त धरतं म्हणून पुसायचा कंटाळा करू नका. डब्ल्यूडी-४० च्या नेहमीच्या डब्यातला द्रव हे चेनचं तेल म्हणून वापरणारे खूप आहेत. तो १९५३ साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवला गेला होता आणि ते काम तो छान करतो: भिजलेली चेन, गंजलेला नट, अडकलेला स्क्रू. पण चेनमध्ये तो टिकत नाही. पाणी हटवायला मारायचा असेल तर मारा, त्यानंतर पुसून खरं तेल घालायचंच. आणि मारताना डिस्क झाका, नाहीतर वरचा किंचाळणारा ब्रेक तुम्हीच घडवाल.

पुसूनही चेन दातांवरून घसरत असेल, जोर लावला की खटकन उडी मारत असेल, तर ती झिजून लांबली आहे. पट्टी लावून मोजा. नवी चेन एका पिनेच्या मध्यापासून सुरू करून बरोबर १२ इंचांवर पुन्हा पिनेचा मध्य दाखवते. तो मध्य १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच पुढे गेला असेल तर मागच्या दातेरी चकत्याही बहुधा झिजल्या आहेत, आणि त्यांवर नवी चेन टाकली तर तीच उड्या मारेल. चेन वेळेवर बदलली तर चकत्या वाचतात, आणि चकत्या चेनपेक्षा महाग असतात.

पंक्चर काढलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच

पावसात पंक्चर वाढतात याला कारणं आहेत. पाण्याचे लोट काच, तारेचे तुकडे, खडे वाहून रस्त्याच्या कडेला आणून टाकतात, आणि सायकलवाला नेमका कडेने जातो. शिवाय पाणी काचेला वंगणासारखं काम देतं. कोरड्या रबरावर अडकणारी काच ओल्या रबरात सहज शिरते. म्हणजे कडेला चिकटून न जाता थोडं आत चालवणं हा पंक्चरवरचाही उपाय आहे.

तेच पंक्चर परत येण्याचं कारण मात्र साधं आहे: टोचणारी वस्तू टायरमध्येच राहिली. पुढच्या वेळी असं करा. ट्यूब काढताना तिचा वाल्व्ह टायरवरच्या कोणत्या खुणेसमोर होता ते लक्षात ठेवा. कंपनीचं नाव नेहमी वाल्व्हसमोर येईल असा टायर बसवत जा म्हणजे लक्षात ठेवावंही लागत नाही. ट्यूबमधलं भोक सापडलं की तेवढंच अंतर टायरवर मोजा आणि आतून-बाहेरून तिथे शोधा. बोटाने चाचपण्यापेक्षा कापूस किंवा जुना मोजा आतून फिरवा, काच असेल तिथे धागा अडकतो आणि बोट कापत नाही.

भोकाची जागाही बरंच सांगते. रिमकडच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकून आऱ्याचं टोक उघडं पडलं आहे, टायर शोधून काही मिळणार नाही. जवळजवळ दोन समांतर चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते दिसत नसल्यामुळे असं पावसात जास्त होतं.

ठिगळ उकलत असेल तर तीन शक्यता: ट्यूब घासली नाही, ट्यूब ओलसर होती, किंवा सोल्युशन वाळायच्या आत ठिगळ दाबलं. सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं असतं, दमट हवेत त्याला जास्तच वेळ लागतो. भर पावसात रस्त्यावर ठिगळ लावायच्या फंदात पडू नये. एक अख्खी ट्यूब जवळ ठेवा, ती बदला आणि ठिगळाचं काम घरी कोरड्यात करा.

चाक सरकतं

इथे दोष सायकलचा कमी आणि अपेक्षांचा जास्त असतो. बहुतेकांना वाटतं की टायरवरच्या नक्षीने पाणी बाहेर फेकलं नाही म्हणून घसरलो. मोटारीच्या बाबतीत ते खरं असतं. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. त्याचं एक सूत्र विमानांच्या टायरांच्या चाचण्यांवरून नासाच्या संशोधकांनी १९६३ साली मांडलं होतं. त्यात ६० पीएसआय दाब घालून पाहिलं तर उत्तर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातं. तुमची सायकल एवढी पळत नाही. अरुंद, गोलसर टायर पाणी बाजूला सारून रस्त्याला भिडतोच. तेव्हा शहरात वापरायच्या टायरला खोल नक्षी नसली तरी बिघडत नाही. रबर मऊ असावं, टायर थोडा रुंद असावा आणि हवा कोरड्या दिवसापेक्षा किंचित कमी, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग वाढतो. किती कमी? टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली कधीच नाही, नाहीतर वरची चिमटलेली ट्यूब आलीच.

मग घसरतं कशावर? बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेलं ऑईल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा लेप तयार होतो. पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट. मनसोक्त पाऊस पडून रस्ता धुऊन निघाला की पकड बरीच सुधारते, म्हणून घाई नसेल तर पहिली सर ओसरू द्यावी. याशिवाय पांढरे-पिवळे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाच्या सांध्यांवरच्या पट्ट्या, रेल्वेचे रूळ, ओली पानं, शेवाळ धरलेल्या फरश्या, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी दिसणारे इंद्रधनुषी डाग. या सगळ्यांवरून जाता येतं, एकच अट आहे: सरळ जायचं. त्यावर वळू नका, ब्रेक दाबू नका, पेडलवर जोर देऊ नका. हे सगळं आधी किंवा नंतर.

रुळांना वेगळा मान आहे. तिरकं गेलं की चाक खाचेत अडकतं किंवा धातूवरून आडवं सटकतं, आणि सावरायला वेळच मिळत नाही. शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. त्यासाठी थोडं आधी मागे बघून, हात दाखवून वळसा घ्यावा लागतो. मागे गर्दी असेल तर सरळ उतरून चालत जा. यात कमीपणा नाही.

वळणाआधीच वेग कमी करायचा, वळताना ब्रेक सोडलेला असावा. कोरड्यात सायकल जितकी कलंडवता तितकी कलंडवू नका, वळसा मोठा घ्या. थांबताना दोन्ही ब्रेक, जोर हळूहळू वाढवत. मागचं चाक घसरलं तर बहुतेकदा सावरता येतं. पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर असतो. म्हणून ओल्यात पुढच्या ब्रेकवर हात मऊ ठेवा, पण तो सोडून देऊ नका. सायकल थांबवण्याची ताकद मुख्यतः त्याच्यातच असते. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हे देशागणिक बदलतं, त्यामुळे भाड्याची किंवा उसनी सायकल घेतली तर निघण्याआधी बघून घ्या. पुढच्या वाहनापासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवलं तर निम्म्या अडचणी येतच नाहीत.

"दिसलाच नाहीस!"

पावसात मोटारचालकाची काच, आरसे, बाजूच्या खिडक्या सगळ्यांवर पाणी असतं. तुम्ही त्याला दिसत असाल असं गृहीत धरू नका. दिवे दिवसाही लावा. पोपटी-पिवळा झगझगीत रंग दिवसाउजेडी उपयोगी, अंधारात त्याचा प्रभाव जातो. परावर्तक पट्टी याच्या उलट, तिच्यावर दिव्याचा झोत पडला तरच ती चमकते. दोन्ही हवेत. एकच परावर्तक पट्टी असेल तर ती घोट्याला बांधा: वर-खाली होणारी चमक पाहिली की चालकाला ओळखू येतं की हा माणूस पेडल मारतोय. पाठीवर पट्ट्यांचं जॅकेट घालून वरून बॅग अडकवणारे पुष्कळ दिसतात, त्यांच्या पट्ट्या कुणासाठी असतात कोण जाणे. मागच्या दिव्यावरचा चिखलही रोज पुसावा लागतो.

चष्मेवाल्यांसाठी: हेल्मेटखाली पुढे चोच असलेली टोपी घाला. काचांवरचं बरंचसं पाणी तिथेच अडतं.

थांबलेल्या गाड्यांच्या शेजारून जाताना दाराएवढं अंतर ठेवा. ट्रक-बसच्या बाजूला, चालकाच्या आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यात थांबू नका. पावसात तो पट्टा आणखी मोठा होतो.

तुंबलेलं पाणी आणि कडाडणारी वीज

तळ दिसत नसेल तर त्या पाण्यातून सायकल घालू नका. खाली खड्डा असेल, सरकलेलं झाकण असेल. वाहतं पाणी असेल तर पायी जाण्याचाही विचार सोडा. विजेचा खांब, डीपी किंवा तुटलेली तार जवळ असेल तर त्या साचलेल्या पाण्यापासून लांबूनच परत फिरा. अशा पाण्यात उंदीर आणि इतर जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम, खरचटलेलं, भेगा असतील तर जंतू तिथून शिरतात. पाण्यातून जावंच लागलं तर घरी पोचताच पाय साबणाने धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत शिरा. झाडाखाली नको. सायकलच्या रबरी टायरांमुळे विजेपासून संरक्षण मिळतं हा समज चुकीचा आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मग निघा.

रेनकोट असूनही ओला

तपासा की पाणी बाहेरचं आहे की आतलं. पाठ आणि काखा ओल्या असतील तर तो घाम. जाड प्लॅस्टिकच्या रेनकोटात पेडल मारलं तर घाम येणारच, मग पावसाने भिजलो काय आणि घामाने भिजलो काय. काखेत आणि पाठीवर हवा जायला झडपा असलेलं जॅकेट घ्या, किंवा गिअर हलका ठेवून सावकाश चाला. सैल झग्यासारखा पोंचो हवेशीर असतो, पण वारा असेल तर त्याचं शीड होतं आणि बाजूने जाणाऱ्या ट्रकचा झोत सायकल ढकलतो.

पाय आणि बूट ओले असतील तर ढगाकडे बोट दाखवू नका, पुढच्या चाकाकडे बघा. पायांवर येणारं पाणी मुख्यतः तेच उडवतं, आणि त्याबरोबर ती कच चेनवरही मारतं. पूर्ण लांबीचं मडगार्ड आणि त्याच्या खालच्या टोकाला जमिनीच्या जवळ येणारी रबरी झालर, एवढ्याने बूट वाचतात आणि चेनही. पावसाळी शहरात सायकलवर पहिला खर्च कशावर करावा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर मडगार्ड. दिसायला थोराड, क्वचित खडखडणारं, पण रेनकोटाच्या दुप्पट कामाचं. सीटखाली अडकवायची ती छोटी प्लॅस्टिकची जीभ फक्त पार्श्वभाग वाचवते.

जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. पातळ, लवकर वाळणारी अर्धी विजार आणि बॅगेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे कपडे ही जोडी कोणत्याही महागड्या पँटला भारी पडते. हवा उबदार असेल आणि पोचल्यावर कपडे बदलायची सोय असेल, तर रेनकोट घरी ठेवून सरळ भिजावं असं मला वाटतं. भिजायचं ठरवलं की खांदे आखडत नाहीत, मान खाली जात नाही, रस्ता नीट दिसतो, आणि पावसात सायकल चालवण्यात जी गंमत आहे ती तेव्हाच कळते. थंडीत मात्र हा शहाणपणा करू नका. बोटं गारठली की ब्रेक दाबवत नाही. तिथे हातमोजे हवेत आणि आत लोकरीचं काही, कारण लोकर ओली असतानाही ऊब देते.

घरी आल्यावर, आणि तरीही आवाज राहिलाच तर

सायकल झाकून ठेवायची घाई नको. ओल्या सायकलवर प्लॅस्टिक टाकलं की आत दमट भट्टी होते. कमी दाबाच्या पाण्याने चिखल उतरवा, रिम किंवा डिस्क पुसा, चेन पुसा, हवेशीर जागी उभी करा. दाबाच्या फवाऱ्याने धुऊ नका, तो बेअरिंगमधलं ग्रीस हुसकावून पाणी आत ढकलतो. सीटच्या नळीतून पाणी चौकटीत उतरतं. फार भिजली असेल तर सीट काढून सायकल उलटी करा, किती पाणी निघतं ते बघून धक्का बसेल. सीट परत बसवताना स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीला ग्रीस लावा, नाहीतर काही महिन्यांनी ती जागची हलणार नाही. बॅटरीवाली सायकल असेल तर बॅटरी काढून तिचे संपर्कबिंदू कोरडे करा आणि त्याआधी चार्जिंगला लावू नका.

एवढं करूनही कुरकुर येत असेल तर पेडल थांबवून सायकल नुसती घरंगळू द्या. आवाज बंद झाला तर तो पेडल, क्रँक किंवा मधल्या बेअरिंगचा. चालूच राहिला तर चाकाचा. चाक उचलून दोन्ही हातांनी आडवं हलवून बघा. धुरीशी खटखट जाणवली किंवा चाक फिरवताना बोटांना खरखर लागली, तर छर्ऱ्यांच्या जागी कच पोचली आहे. वरून तेल सोडू नका, त्याने उरलंसुरलं ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून धुवून घ्या, छर्रे नवे टाका, ते स्वस्त असतात, आणि ग्रीस भरताना कंजूषी करू नका.